बोटीची खांदशेकणी

माह्या सुनेले बोलायचा हक्क फक्त माहा हाये. भाजीत मीठ जास्त पडलं, मी बोलते. दार उघडं राहून कुत्रं आत शिरलं, मी बोलते. पण गावातल्या कोण्या रिकामटेकड्यानं तिच्यावर दात काढले त माहं डोस्कं फिरते. अन् त्या दिवशी घाटावर अर्धं गाव दात काढून राहिलं होतं.

झालं असं का, आमच्या सावरडोहच्या बोटीले चालवणारा माणूस पाहिजे होता. आमचं गाव धरणाच्या फुगवट्यापल्याड. सडकेनं फिरून जायचं म्हटलं त अर्धा दिवस मातीत, अन् बोटीनं गेलं का घटकाभरात मोर्शीची एसटी. शाळेचे पोट्टे, दवाखान्याचे म्हातारे, दुधाच्या कॅना, सारं त्या बोटीतच. आजवर खुशालराव ती चालवत होते, पण त्यायच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. पल्याडचा घाट त्यायले दोन दोन दिसाले लागला.

सरपंच ललिताबाईनं ग्रामसभेत इचारलं, "कोण चालवते?" खुशालरावचा पुतण्या श्रावण उभा राहिला. चांगला आडदांड गडी, संत्र्याच्या ट्रकवर हमालीले जाते. अन् बायायच्या रांगेतून माही सून आरती उभी राहिली. अवं माय! मलेच माहीत नव्हतं.

घरी आल्याबरोबर म्या इचारलं, "काहून वं? काय भूत शिरलं अंगात?"

"आई, वरूडले जाऊन जाऊन कटाळा आला," ती म्हणे.

तिचं माहेर वरूडचं. संत्र्याचा हंगाम आला का ती माहेरी राहून पॅकिंगच्या कामाले जाते, अन् हंगाम सरला का येते. पोरगा माहा, बंडू, धामणगावले धान्याच्या अडतीवर. तो येते रविवारी. म्हणजे मधातले सारे महिने घरात मी, म्हैस अन् टीव्ही. दरसाल दिवाळी आली का आरतीची बॅग भरून दारामागं उभी राहते, अन् ती बॅग दिसली का माह्या घशाखाली घास उतरत नाई. मले ती घरी पाहिजे. सरळ सांगते, त्यात लाज कायची? पण तिले असं तोंडावर सांगणं म्हंजे आमच्या जिभेचं काम नोय. म्हणून म्या एवढंच म्हटलं, "उभी राहिलीच हाये त नीट उभी राह्य. नाक कापू नको."

आता बोट कशी हाये ते सांगते, नाईतर पुढचं समजणार नाई. जुनी हाये, कोकणातून लिलावात आणलेली. इंजीन तिच्या पोटात, जीपगाडीसारखं पेट्रोलचं. मागून पाण्यात लोंबते तिले आमी सोंड म्हणतो, पंखा त्या सोंडीच्या टोकाले. लिव्हर पुढं टाकली का बोट पुढं, मधात आणली का न्यूट्रल, मागं ओढली का रिव्हर्स. बोटीले ब्रेक नसते. घाटाले लावायची त आधी न्यूट्रल, अन् मंग रिव्हर्सचा एक हलका हिसका. तेवढंच.

पहिली ट्रायल दिवाळीआधी झाली. आरतीनं बोट मधात नेली, वळवली, सरळ रेघेत घाटाकडं आणली. माही छाती फुगून राहिली होती. घाट जवळ आला तशी तिनं लिव्हर मधात ओढाले घेतली. येच ना! दोन्ही हातानं ओढली. तेवढ्यात इंजीन फट्कन बंद. बोट आपली तशीच आली अन् फरशीवर धाडकन् आदळली. आतमंधी ललिताबाई बसल्या होत्या, त्या उडून दुधाच्या कॅनीवर बसल्या, अन् सारं दूध लुगड्यावर.

"बाईच्या हातात जोर नसते भाऊ," श्रावण म्हणे. "हे काय पोळ्या लाटणं हाये का?"

"श्रावण्या, तुले येते का पोळ्या लाटता?" म्या घाटावरूनच आवाज देला. "तुही माय अजून तुले तीनदा हाक मारते तवा तू ताटावर येते! जोर सांगून राहिला मोठा!"

मंग श्रावणनं तीच बोट आणली. दात-ओठ खाऊन लिव्हर हासडली, अन् धक्के देत देत का होईना, लावली घाटाले. खुशालराव हसले नाई. पण हळूच म्हणाले, "लिव्हरले दणकट हात लागते, वयनी. तिची चूक नाई." हे मले हसण्यापक्षा जास्त झोंबलं.

ललिताबाई भल्या. लुगडं पिळता पिळता म्हणाल्या, "एका ट्रायलीवर काय ठरवता? दिवाळीची सुट्टी सरून शाळा उघडायच्या आत आणखी एक घेऊ. ज्याची बोट नीट लागली, बोट त्याची."

घरी आल्यावर पाहते त पोरीच्या तळव्याले हा एवढा फोड. म्या तूप लावून देलं.

"रडून राहिली का?"

"नाई. इचार करून राहिली." मंग म्हणे, "आई, मागं एकदा खुशालकाकाजीनं मले लिव्हर धरू देली होती. तवा एका हातानं यायची. माहा हात त तोच हाये."

मी तूप लावता लावता थांबली. खरंच की बाप्पा. हात तोच, मंग बदललं काय?

दुसऱ्या दिवशी तिनं ललिताबाईले सांगून मोर्शीहून नितेश मिस्त्रीले बोलावलं. नितेश जीपगाड्यायचा मिस्त्री, बोलते कमी, तंबाखू मळते जास्त. इंजीन बंद पडते ऐकल्याबरोबर त्यानं कार्बोरेटर काढला, साफ केला, अन् वरून रेस वाढवून देली. म्हणे, आता मरत नाई. नाई मेलं, पण गिअर टाकला त अशी ठोकर बसली का माहा चष्मा नाकावरून मांडीत आला. अन् गिअर निघाले त आणखी जड झाला.

"नितेशभाऊ, रेस होती तेवढीच करा," आरती म्हणे. "इंजीन उभ्या उभ्या दिवसभर चालते. गिअर काढतानाच मरते. मंग दुखणं इंजिनात कसं राहीन?"

नितेशनं तंबाखू थुंकली, रेस उतरवली अन् इंजिनाच्या बाजूले डोस्कं घातलं. तिथं पट्टीवर एक बारकं बटण होतं. ते पाहून त्याचा चेहरा उजळला. आमाले समजावून सांगाले लागला. बोट चालून राहिली का गिअरचे दात एकमेकायले घट्ट धरून बसते, सोडतच नाई. म्हणून हे बटण पापणी लवते तेवढा वेळ इंजिनाचं करंट तोडते. दात सैल पडते, गिअर सुटते, करंट परत येते. "पण केबल अडकली त बटण दबूनच राहते," तो म्हणे, "अन् इंजीन मरते. बटण बिचारं आपलं काम करून राहिलं."

"मंग केबल कुठी अडकली ते पाहू," आरती म्हणे. तिच्या बापाकडं ट्रॅक्टर हाये, लहानपणापासून ती त्याच्याखालीच लोळत वाढली. "आमच्या बाबाची रीत हाये. जाम कोणत्या अंगाले हाये ते समजत नसलं त मधातून सोडून द्यायचं."

नितेशनं पट्टीवरची पिन काढली. लिव्हरपासून येणारी केबल सुटली. आरतीनं लिव्हरले हात लावला, अन् ती करंगळीनं पुढं-मागं होऊन राहिली! माह्यासारख्या म्हातारीनंबी हलवून पाहिली. मंग नितेशनं सोंडीकडं जाणारी दुसरी केबल पकडली. ओढली, लोटली, कानापर्यंत लाल झाला. ती हलायचं नाव घेईना.

"इथं हाये!" दोघंबी एकदमच वरडले.

केबल म्हंजे काय, नेफ्यातला नाडाच की. बाहेर नळी, आत तार. तार नळीत सरकली का गिअर पडते. आता आतला नाडा काहून अडकला ते पाहाचं त सोंड उतरवा लागते. ट्रॅक्टर लावून बोट घाटावर ओढली. सोंड हे एवढी वजनदार! शेवटी श्रावणलेच हाक मारली. तोंड फुगवून आला, पण उचलली त्यानंच, एकट्यानं. खुशालराव फरशीवर बसून पाहून राहिले होते. सारखे म्हणत, "उगाच उघडून राहिले. कायले उघडता? जुनी झाली ते, दुसरं काय." त्यायचा जीव खालीवर होऊन राहिला होता, अन् मले समजेना का काहून.

नितेशनं पकडीनं तार ओढली. एक एक वीत करत बाहेर आली. तांबूस, चिकट, बोटाले लागली का सुटायचं नाव नाई. 

"हे ग्रीस नोय," नितेश म्हणे. "ऑइलबी नोय. काय हाये बाप्पा हे?" त्यानं हुंगलं, श्रावणनं हुंगलं, कोणाले काई समजेना.

म्या म्हटलं, "आण इकडं." म्या नखानं खरवडलं अन् नाकाले लावलं. अन् मले एकदम माही कढई दिसली. जवसाच्या तेलात भाजी फोडणीले टाकली अन् कढईचा काठ पुसाचा राहिला, का तिथं हेच बसते. असंच तांबूस, असंच चिवट. राखेनं घासा, वाळूनं घासा, निघत नाई, सुरीनं खरवडा लागते.

जवस आमच्या वावरातलं. घाणीवरून तेल काढून आणतो आमी. अन् दरसाल पोळ्याच्या आदल्या दिवशी एक माणूस वाटी घेऊन माह्या दारात येते. "वयनी, गुडघ्याले लावाले जराकसं जवसाचं तेल द्या." मी देते, तेबी कोमट करून, कारण म्हातारा माणूस, गुडघे दुखत असतील.

मी वळली.

"खुशालभाऊ, गुडघे कसे हायेत?"

"बरे हायेत," ते खाली पाहून म्हणाले.

"बरेच राहतील. त्यायले तेल लागलंच कुठी!"

श्रावणले हसू आलं, पण त्यानं काकाच्या तोंडाकडं पाहिलं अन् हसू गिळलं. खुशालराव पाण्याकडं पाहत होते. तिकडं पाहतच बोलले.

"पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलायचे खांदे शेकत होतो, वयनी. तुमाले माहीत हाये, माही जोडी कशी होती. सालभर जू वढते, त एक दिवस त्यायच्या खांद्याले हळद लावाची, कोमट हातानं चोळाचं. जोडी गेली. मंग ही आली. हीबी सालभर गाव वढते, हिले कोण चोळते? हिचा खांदा म्हंजे सोंड जोडली ती जागा. म्हणून तिथं नळीत कोमट तेल सोडत होतो. चार-आठ दिवस कशी मस्त चाले! मंग पुन्हा घट्ट. मले वाटे, तेल कमी पडलं. पुढच्या साली आणखी सोडलं."

माह्या तोंडात शिवी तयार होती. लय जुनी, ठेवणीतली. पण म्हाताऱ्याचा आवाज असा कापून राहिला होता का ती शिवी माह्याच्यानं देववली नाई. आयुष्यभर ज्या हातानं बैल चोळले तो हात रिकामा बसत नाई, एवढंच ते. अन् त्यानंच बोट जाम केली. काय म्हणाचं आता?

आरती त्यायच्या जवळ जाऊन बसली. "काकाजी, जवसाचं तेल वाळते न. लाकडाले लावलं त बरं. नळीत जमून बसते."

"मले काय माहीत, बाई."

"मलेबी कुठी माहीत होतं? आईनं हुंगलं म्हणून समजलं."

मंग सारेच कामाले लागले. ढोराच्या डॉक्टरकडून जुनी सिरिंज आणली, तिच्यानं नळीत थिनर सोडलं. आधी चहासारखं निघालं, मंग पाण्यासारखं. तार बारीक पॉलिश-कागदानं घासून आरतीनं लखलख केली. घासून घासून तिच्या तळव्यावरचा फोड फुटला, तरी पकड सोडली नाई. शेवटी नळी उभी धरून तार वरून सोडली, त ती आपल्या वजनानं सर्रकन् खाली गेली. नितेश म्हणे, "नवी केबल मुंबईहून मागवतो. तोपर्यंत हे चालन. पण एक थेंब तेल टाकलं कोणी, त मी येत नाई." बोलताना तो माह्याकडं पाहत होता, जशी का मीच टाकत होती!

बोट परत पाण्यात गेली. मले वाटलं, झालं, जिंकलो. आरतीनं इंजीन चालू केलं, लिव्हर हळूहळू पुढं सरकवली, अन् सोंडीतून असा आवाज आला का दात खाल्ल्यासारखा. कर्रर्र. पुन्हा केलं, पुन्हा कर्रर्र. तिचं तोंड एवढंसं झालं. "आता काय राहिलं?" ती नितेशले म्हणे.

फरशीवरून खुशालराव ताडकन् उठले. गुडघे खरंच बरे होते म्हाताऱ्याचे.

"ट्रॅक्टर नोय ते, पोरी! ट्रॅक्टरले क्लच हाये, तिथं गिअरले फुसलावतेत, वाट पाहतेत. इथं क्लच कुठी हाये? हळू टाकशीन त दात दातावर घासते. ठक्कन टाक! इचार करू नको, ठक्कन!"

आरतीनं ओठ दाबले अन् लिव्हर एका दमात लोटली. ठक. बोट चालली.

"आता मधात! ठक्कन!" खुशालराव वरडले. ठक. इंजीन बंद नाई, काई नाई, बोट आपली सरकत राहिली. "रिव्हर्स!" ठक. पंख्यानं पाणी उलटं फेकलं अन् बोट जागच्या जागी उभी. ऊन उतरेपर्यंत म्हातारा घाटावरून "ठक्कन, ठक्कन" करत राहिला. डोळ्यानं त्याले बोट धड दिसत नव्हती. तो कानानं शिकवून राहिला होता.

शाळा उघडाच्या आदल्या दिवशी दुसरी ट्रायल. रविवार होता, बंडूबी आला होता. त्याले म्या बजावलं, बायकोकडं पाहून घाबरट तोंड करू नको. अख्खं गाव घाटावर. आरतीची बॅग घरी दारामागं भरून ठेवलेली होती, बोट नाई भेटली त दुसऱ्या दिवशी वरूडची गाडी. तिनं सकाळी भरली तवा मी भाकर थापून राहिली होती. थापता थापता भाकर फाटली.

पहिले श्रावण. बोट आणली झोकात. घाट जवळ आला, त्यानं सवयीनं दात-ओठ खाल्ले अन् लिव्हर हासडली. आता लिव्हर काय पहिल्यासारखी थोडीच होती? ती मधात थांबलीच नाई, सरळ रिव्हर्समध्ये गेली. बोटीनं मागच्या मागं अशी उडी घेतली का श्रावण पुढं तोंडावर अन् पाणी मागून आत. इंजीन मेलं. ललिताबाई यावेळी घाटावरच उभ्या होत्या, शहाण्या बाई.

"पोळ्या लाटणं नोय ते, श्रावण्या!" म्या म्हटलं. आता एवढं त म्हणणारच.

मंग आरती. बोट मधात गेली, वळली, सरळ रेघेत आली. वारा आडवा होता, तिनं बोटीचं तोंड जरा वाऱ्याकडं धरलं. घाट जवळ आला. बंडूनं डोळे मिटले. मी नाई मिटले. तिनं लिव्हरवर दोन बोटं ठेवली. दोनच. ठक. इंजीन हळू आवाजात चालूच. बोट सरकत सरकत आली. ठक. सोंडीमागं पाणी उकळल्यासारखं झालं, अन् बोट थांबली. फरशी अन् बोट यायच्या मधात माहा पंजा बसन एवढी जागा. आरतीनं वाकून दोर फेकला, तो बंडूनं झेलला. डोळे कधी उघडले त्यानं, कोण जाणे.

ललिताबाई म्हणाल्या, "खुशालराव, आजवर बोट तुमी चालवली. तुमी सांगा."

खुशालराव काठी टेकत पाण्याच्या काठाले गेले. बोटीच्या काठावर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतेत तसा.

"म्या म्हटलं होतं, लिव्हरले दणकट हात लागते," ते म्हणाले. "चुकलो. माह्या हातात जोर होता, म्हणून मले समजलंच नाई का हिले दुखून राहिलं. मी आपला हासडत राहिलो. या पोरीच्या हाताले समजलं. ज्याले समजते, बोट त्याची."

अन् गळ्यातली चाबी काढून त्यायनं तिच्या हातात देली. श्रावण ओल्या कपड्यानं तिथंच उभा होता. मान खाजवत म्हणे, "वयनी, पुन्हा सोंड उचलाची असन त मलेच हाक मारजो." पोट्टा वाईट नाई तसा.

आरतीनं माह्याकडं पाहिलं. माहे डोळे भरून आले होते, म्हणून म्या तोंड वळवलं अन् तरातरा घराकडं निघाली. मागून लोक म्हणत असतील, पाहा, सुनेचं कौतुकबी नाई करत बुढी. म्हणू देत. मले काम होतं.

संध्याकाळी आरती घरी आली. चाबी देवाजवळ ठेवली, दारामागं पाहिलं, मंग खाटेखाली पाहिलं.

"आई, माही बॅग कुठी गेली?"

"तिच्यात कांदे भरले म्या," म्या म्हटलं. "कपडे तुहे खुंटीवर लटकवले. काहून? कुठी जायचं हाये का तुले?"

ती दारातच उभी राहिली. मंग हसाले लागली, अन् हसता हसता पदरानं डोळे पुसाले लागली.

"नाई, आई. कुठीच नाई."

"मंग हात धू अन् भाजी टाक. उद्या सकाळी पहिली खेप तुही हाये. अन् मीठ पाहून टाकजो, बोट चालवाले लागली म्हणून मी काई कमी बोलणार नाई."